शस्त्रक्रियेचे 'पॅकेज' म्हणजे नेमके काय?

संपादक महोदय,

शस्त्रक्रियेचा खर्च विचारला की बहुतेकदा 'पॅकेज'चा एकच आकडा सांगितला जातो. त्यात काय धरलेले नाही, ते लेखी घ्यावे. इम्प्लांट (शरीरात बसवायचा कृत्रिम भाग), काढलेल्या गाठीची बायोप्सी, अतिदक्षता विभागातला मुक्काम हे खर्च पुष्कळदा बाहेरच असतात. दुर्बिणीतून सुरू केलेली शस्त्रक्रिया मध्येच पोट उघडून करावी लागली तर दर कोणता, हेही विचारावे.

खोली वरच्या वर्गाची घेतली की अनेक ठिकाणी सर्जनची फी, ओटीचे (शस्त्रक्रियागृहाचे) भाडे, व्हिजिट सगळेच चढते. त्यातून विम्यात खोलीभाड्याला मर्यादा असेल आणि खोली दुप्पट भाड्याची असेल, तर काही पॉलिसींत इतर काही खर्चांची भरपाईही त्याच प्रमाणात निम्म्यावर येते. कॅशलेसची (विमा कंपनीने रुग्णालयाचे बिल परस्पर भरण्याची) पूर्वमंजुरी ही अंतिम मंजुरी नव्हे, हे एजंट क्वचितच सांगतात.

खरी मेख औषधांच्या बिलात असते. ओटीसाठी आधीच मागवलेले हातमोजे, सिरिंजा, टाक्यांचे धागे सगळे वापरले जातातच असे नाही. उरलेले परत गेले, तर त्याची वजावट बिलात दिसायला हवी. परतीची नोंद मागावी. गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यासोबत येणारे स्टिकर केसपेपरवर चिकटवतात. त्यावरचा लॉट नंबर (उत्पादनाच्या खेपेचा क्रमांक) बिलाशी ताडून पाहावा आणि फोटो काढून ठेवावा. पुढे एमआरआय करताना किंवा सांधा बदलण्याची वेळ आली, तर ती माहिती डॉक्टर मागतात.

– एक वाचक