बाबांनी बटण बंद केलं म्हणून नव्हे

कोथरूड, पुणे
१८ जानेवारी

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या कॉम्प्युटरचं सकाळी सुरूच न होण्याचं दुखणं सापडलं. एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज घेऊन आतल्या भागांना पुरवणारा डबा, बिघडलाय, आणि तोही पुरता नाही, त्यातला एक कोपरा थकलाय. मदरबोर्ड, रॅम, प्रोसेसर सगळं ठणठणीत आहे. तेव्हा नव्या मशिनची ऑर्डर देऊ नकोस. कसं सापडलं ते सविस्तर लिहिते, कारण त्यात बाबांचा विषय आहे आणि तो मला फोनवर नीट बोलता आला नसता.

दिवाळीत तू म्हणालास, "बाबा रोज रात्री भिंतीवरचं बटण बंद करतात, त्यानेच बोर्ड गेला." ते काही बोलले नाहीत. पण झोपण्याआधी घरभर फिरून सगळी बटणं बंद करणारा माणूस त्या रात्रीपासून तुझ्या खोलीत गेला नाही. आणि गंमत नव्हे, खरंच सांगते, त्यानंतर तीन आठवडे कॉम्प्युटर रोज पहिल्या फटक्यात सुरू झाला. बाबा ते बघत होते. एकदा चहा घेताना म्हणाले, "म्हणजे माझ्यामुळेच होत होतं ते." मला फार वाईट वाटलं. मलाही तेव्हा तुझंच बरोबर वाटत होतं.

मग नोव्हेंबरातला एक गुरुवार आला. सकाळी दहा ते चार वीज बंद. संध्याकाळी मी सोसायटीचे हिशेब भरायला बसले, तर पंखे फिरले, स्क्रीन काळी, दोन सेकंदांत सगळं गप्प. आपोआप परत सुरू, परत गप्प. चौथ्या खेपेला लागला आणि मग रात्रीपर्यंत कुरकूर नाही. बटणाला त्या दिवशी कोणीही हात लावला नव्हता. तेव्हा माझ्या मनात आलं की प्रश्न बटणाचा नाही, वीज किती वेळ नव्हती त्याचा आहे.

भोसरीच्या कारखान्यात मी २२ वर्षं टेस्टिंगला काढली. तिथे एक पक्कं शिकले होते. कधी चालणारा आणि कधी न चालणारा माल आला की पान्याला हात लावायच्या आधी वही उघडायची. तुझ्याच जुन्या जर्नलची मागची पानं घेतली. तारीख, रात्री बटण चालू की बंद, पहाटे खोलीचं तापमान, कितव्या प्रयत्नाला सुरू. १४ रात्री लिहिलं. बटण मी माझ्या हाताने बंद करत होते, एक रात्र आड. चालू ठेवलेल्या सातही सकाळी पहिल्याच वेळी सुरू. बंद ठेवलेल्या सातांपैकी एकाही सकाळी पहिल्या वेळी नाही. खोलीत १६ अंश होते त्या सकाळी सहा वेळा बटण दाबावं लागलं. थंडी वाढली की खेपा वाढत होत्या.

आधी मला बोर्डावरच्या सेलचा संशय आला, कारण तारीख दरवेळी मागे जात होती. बटणाएवढा तो सीआर २०३२, नवा असताना ३ व्होल्टचा. मोजला तर २.६. भिंतीवरचं बटण चालू असलं की बोर्डाला एसएमपीएसमधून थोडी वीज मिळत राहते आणि सेलवर भार पडत नाही. बटण बंद असलं की घड्याळ आणि बायोसची, म्हणजे बोर्डाच्या मूळ प्रोग्रामची, सेटिंग्ज सेलवरच. म्हणजे बाबांच्या सवयीने सेल थोडा लवकर उतरला असेल, एवढं मी मान्य करते. तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून नवा आणला. तारीख टिकायला लागली. सकाळचं रडगाणं तसंच राहिलं.

मग रॅम. दोन्ही पट्ट्या काढून पुसून बसवल्या, मग एकेक करून चालवली, प्रोसेसरकडून दुसऱ्या खाचेत, बोर्डाच्या पुस्तकात सांगितलंय तशी. तू वेग वाढवून ठेवला होतास तो बायोसमधून मूळ वेगावर आणला. २०१७ च्या पहिल्या रायझन प्रोसेसरना रॅमच्या जास्त वेगाचं वावडं होतं, त्यामुळे तिथे थोडी आशा होती. रात्रभर मेमटेस्ट, म्हणजे रॅमची चाचणी, चालवली, एकही चूक नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलत होते, म्हणून यात नऊ दिवस गेले. बाबा विचारायचे, "आज काय?" पण खोलीत यायचे नाहीत, दारातूनच.

या सगळ्यात एक भलतीच गोष्ट सापडली आणि ती मला मूळ बिघाडापेक्षा जास्त महत्त्वाची वाटते. कॅबिनेटच्या मागच्या पत्र्याला हात लागला तर बोटांना झिणझिण्या आल्या. टेस्टर लावला तर उजळला. तुझ्या त्या पांढऱ्या एक्सटेन्शन बोर्डाची अर्थिंगची तार आतून तुटलेली होती. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टरचे छोटे कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग, असतात, ते फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर ती गळती जमिनीत जाते. नसेल तर पत्र्यावर निम्मा दाब, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास बसून राहतो. करंट अगदी थोडा असतो, पण ओल्या पायांनी, उघड्या पत्र्याला धरून कोणी उभं राहिलं तर? सात-आठ वर्षं तू आणि ताई तिथे बसलात. मी बोर्ड फेकून दिला, भिंतीतल्या सॉकेटची अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतली आणि तीन पिनांचा चांगला बोर्ड लावला. तुझ्या बंगळुरूच्या खोलीतही बघून घे. हे पत्र वाचून झाल्यावर लगेच.

शेवटी एसएमपीएस. २४ पिनांच्या जाड जुडग्यात एक जांभळी तार असते. कॉम्प्युटर बंद असतानाही तिच्यावर ५ व्होल्ट असायला हवेत. त्याच विजेवर बोर्ड जागा असतो, तू बटण दाबल्याचं त्याला कळतं आणि तो हिरव्या तारेवरून एसएमपीएसला उठवतो. ४.७५ ते ५.२५ एवढीच मोकळीक. रात्रभर बंद ठेवून पहाटे साडेसहाला भिंतीवरचं बटण लावलं आणि मल्टिमीटरची टोकं टेकवली. ४.१. कॅबिनेटचं बटण दाबलं की ३.६. वीस मिनिटं नुसतं चालू ठेवलं, ४.९ झाले, आणि पहिल्या फटक्यात सुरू. बाळा, ते आकडे चढताना पाहून मी एकटीच त्या अंधाऱ्या खोलीत हसले.

भिंतीवरचं बटण चालू असेपर्यंत तो ५ व्होल्ट देणारा भाग राबतो, कॉम्प्युटर बंद असला तरी त्याला विश्रांती नाही. त्यातले इलेक्ट्रोलिटिक, म्हणजे आत द्रव असलेले, कपॅसिटर हळूहळू सुकतात. सुकलेला कपॅसिटर थंडीत आणखी आळसावतो, वीज मिळून जरा ऊब आली की पुन्हा कामाला लागतो. भोसरीत आम्ही धरून चालायचो की १० अंश उष्णता वाढली की त्याचं आयुष्य निम्मं होतं. आणि तुझ्या एसएमपीएसची खालची जाळी काळ्या धुळीने गच्च बुजली होती. कर्वे रोडवर मेट्रोचं काम चाललं होतं त्या सगळ्या वर्षांत, मार्च २०२२ मध्ये गाडी सुरू होईपर्यंत, आपल्या खिडकीतून आलेली ती धूळ. मी रोज टेबल पुसत होते, ती जाळी कधी बघितली नाही.

खात्री करायला वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या मुलाचा एसएमपीएस आणला. रात्री बटण बंद, सकाळी पहिल्या फटक्यात. नऊ सकाळ, नऊदा.

आता तू काय करायचंस. तुझा प्रोसेसर ६५ वॉटचा, ग्राफिक्स कार्ड ७५ वॉटचं, तेव्हा ४५० वॉटचा चांगला एसएमपीएस भरपूर झाला, ७५० च्या मागे लागू नकोस. नवा बसवताना त्याच्याच तारा वापर. सुट्या तारांचे एसएमपीएस असतात त्यांची आतली जोडणी प्रत्येक कंपनीची वेगळी असते, खटका बसतो म्हणून जुनी तार लावलीस तर डिस्क जळू शकते. जुना मी उघडलेला नाही आणि तूही उघडायचा नाही. त्यातल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या वर दाब असतो आणि वायर काढल्यावरही तो काही वेळ राहतो.

नवीन घेऊन टाकू असं तू म्हणालास ते प्रेमानेच, हे मला कळतं. पण २०१७ च्या मे महिन्यात तू जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून हा जोडलास, प्रोसेसर बसवताना श्वास रोखून धरलास आणि बाबा शेजारी बॅटरी धरून दीड तास उभे होते. स्क्रू पडला की तेच वाकून शोधायचे. त्या मशिनला मी न तपासता कशी बाद करू?

काल रात्री मी बाबांना वही दाखवली. सगळी पानं वाचली त्यांनी, जांभळ्या तारेचे आकडे बोट ठेवून वाचले. म्हटलं, आता खुशाल बंद करा बटण, काही होत नाही. ते उठले, तुझ्या खोलीच्या दारापर्यंत गेले, थोडा वेळ उभे राहिले आणि परत येऊन म्हणाले, "राहू दे, तो आला की विचारू."

आमचं जेवण साडेनऊपर्यंत उरकतं. त्यानंतर फोन कर, आणि मला नको, त्यांना कर.

तुझी,
आई