रखवालदार काका आणि शेजारच्या ताई, मनापासून आभार

दिवाळीच्या सुट्टीत रात्री आमच्या प्रयोगशाळेतला उणे ८० अंशांचा फ्रीझर बंद पडला. आत गडचिरोलीच्या गावांतल्या सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराने ग्रस्त कुटुंबांनी विश्वासाने दिलेले रक्ताचे नमुने होते. ते वितळले की त्यांतला आरएनए, म्हणजे जनुकांचा निरोप वाहणारा नाजूक रेणू, तुटतो, आणि त्याच आयाबायांकडे पुन्हा सुई घेऊन जायला तोंड राहत नाही. माझ्या धाकट्या भावाला हाच आजार आहे. हिमोग्लोबिनच्या जनुकातलं एकच अक्षर बदललेलं असतं आणि पोर रात्रभर कळवळतं. मी या कामात आले ते त्याच्यामुळे.

अलार्म ऐकून रखवालदार काकांनी दारावरचा नंबर बघून मला फोन केला. मी पोचेपर्यंत फ्रीझरचं दार कुणाला उघडू दिलं नाही. शेजारच्या प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ ताई घरचे पाहुणे सोडून आल्या. स्वतःचे खोके दाटीवाटीने सरकवून त्यांनी अख्खा कप्पा मोकळा करून दिला. काकांनी तर कोणता खोका कुठे ठेवला ते नोंदवहीच्या मागच्या पानावर सुवाच्य अक्षरात लिहून काढलं, कुणी न सांगता! एकाही नमुन्याची अदलाबदल झाली नाही.

काका, ताई, नमुने शाबूत आहेत, काम पुढे चालू आहे. भाऊबीजेला भावाला तुमच्याबद्दल सांगितलं. त्यानेही तुम्हाला नमस्कार कळवलाय.