उतरल्यावर पाय सैल सोडू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

छोटं विमान उतरताना धावपट्टी सोडून गवतात गेलं की ‘वैमानिकाचा ताबा सुटला’ एवढ्यावर बातमी संपते. ताबा का सुटला, हे कोणी विचारत नाही. सव्वीस वर्षं मी विमान चालवायला शिकवलं, म्हणून लिहितो आहे.

1974 साली मी पुष्पक नावाच्या छोट्या विमानावर शिकत होतो. नव्वद अश्वशक्तीचं इंजिन, कापडाने मढवलेलं अंग, पुढे दोन चाकं आणि शेपटीखाली एक छोटं. एकट्याने केलेलं पाचवं की सहावं उड्डाण असेल. वारा डावीकडून होता. तिन्ही चाकं एकदम, छान टेकली आणि ‘उतरलो’ म्हणून मी पाय सैल सोडले. नाक डावीकडे वळलं. मी उजवा रडर (शेपटीचं सुकाणू, ते पायाने चालतं) दाबला, पण उशिरा आणि नको तितका. विमान मधली रेघ ओलांडून उजवीकडे गेलं आणि तिथून त्याने जी गिरकी घेतली, ती मला थांबवता आली नाही. डाव्या पंखाचं टोक जमिनीला घासलं, डाव्या चाकाचा दांडा मोडला. मला खरचटलंसुद्धा नाही. अहवालात ‘विद्यार्थ्याचा निष्काळजीपणा’ असं आलं. ते खोटं नव्हतं, अपुरं होतं. आडव्या वाऱ्यात कसं उतरायचं, हे शेजारी बसून मला कोणी एकदाही शिकवलं नव्हतं. आमची उड्डाणं पहाटेची, वारा पडलेला असताना.

शेपटीखाली चाक असलेल्या या विमानांचं बरंचसं वजन पुढच्या दोन चाकांच्या मागे असतं. बाण पिसांच्या बाजूने फेकला तर तो हवेतच उलटा होऊन टोक पुढे करतो, तसं हे मागचं वजन पुढे यायला बघतं. नाक जरा तिरकं झालं की ते आणखी तिरकं होतं. त्यात वेग उतरतो तसा रडरचा जोरही उतरतो, म्हणजे गरज वाढते नेमकी तेव्हाच. ग्राउंड लूप म्हणतात तो हाच. उपाय एकच: कंट्रोलचा दांडा पोटाशी ओढून शेपटी जमिनीवर दाबून धरायची, वाऱ्याकडच्या पंखाचं एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) वर ठेवायचं आणि विमान पूर्ण थांबेपर्यंत दोन्ही पाय हलते ठेवायचे. इवलेइवले दाब, पण लगेच.

आजची मुलं बहुतेक सेसनासारख्या, नाकाखाली चाक असलेल्या विमानांवर शिकतात. तिथे वजन मुख्य चाकांच्या पुढे असतं, त्यामुळे विमान आपणहून सरळ होतं आणि पाय झोपतात. अमेरिकेत 1991 पासून शेपटीच्या चाकाच्या विमानासाठी वेगळं प्रशिक्षण घेऊन प्रशिक्षकाची नोंद मिळवावी लागते. आपल्याकडे डॉ. वि. मा. घाटगे यांनी आखलेलं एचटी-2 हे 1951 साली उडालेलं विमानही याच जातीचं. हवाई दलाच्या कित्येक पिढ्यांचे पाय त्याने घडवले. प्रत्येक शिकाऊ वैमानिकाला अशा विमानावर निदान दहा तास मिळावेत आणि त्यातले काही मुद्दाम आडव्या वाऱ्यात असावेत, अशी माझी कळकळीची मागणी आहे.

आपल्या वार्ताहरांनाही एक विनंती. पुढच्या वेळी अशी बातमी देताना विमानाचं तिसरं चाक कुठे होतं आणि वारा कुठल्या बाजूचा होता, एवढं विचारून छापावं.

आपला,
एक निवृत्त उड्डाण प्रशिक्षक, पुणे