सूचना : चंद्र आणि सावलीच्या नोंदींबाबत
सर्व सदस्यांना कळविण्यात येते की, येत्या पौर्णिमेपासून पुढील पौर्णिमेपर्यंत, म्हणजे सुमारे २९.५ दिवस, प्रत्येकाने चंद्रोदय वा चंद्रास्त यांपैकी जो दिसेल त्याची वेळ आणि काठीची मध्यान्हीची सावली रोज टिपावयाची आहे. चंद्र पृथ्वीभोवती पुढे सरकत असल्यामुळे तो रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा उगवतो आणि भरतीची वेळही साधारण तेवढीच पुढे जाते. म्हणून किनाऱ्याजवळच्या सदस्यांनी भरतीची खूणही नोंदवावी, कारण पौर्णिमा-अमावास्येला सूर्य व चंद्र यांची ओढ एका रेषेत येऊन उधाण येते, तर अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे सर्वांत कमी चढणारी, भरती असते. (उधाण बहुधा एक-दोन दिवस मागून येते, तेव्हा वही लगेच मिटू नये.)

सावली घड्याळातील बारा वाजता नव्हे, तर ती सर्वांत आखूड होईल तेव्हाच मोजावी. मागील खेपेस बऱ्याच नोंदी याच चुकीमुळे बाद कराव्या लागल्या. ऋतू सूर्याच्या अंतरामुळे होतात, असेही काहींनी लिहिले होते. वास्तविक पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या आरंभी, म्हणजे उत्तर गोलार्धात हिवाळा असताना. ऋतू घडतात ते सुमारे २३.५ अंशांनी कललेल्या आसामुळे. वह्या पुढील बैठकीत जमा कराव्यात.