वही मिटून उभ्या राहिलेल्या बाईंना

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

सत्र संपलं त्या दिवशी शाळेच्या दारात तुमच्याशी बोलायचं ठरवून आले होते. पण भोवती पालकांची गर्दी, तुमच्या हातात प्रगतिपुस्तकांचा गठ्ठा आणि माझा गळा दाटून आलेला, त्यामुळे "थँक्यू बाई" यापलीकडे काही बोलता आलं नाही. म्हणून हे पत्र. आणि ते मुद्दाम उघडपणे लिहिते आहे. तुम्ही जे केलंत त्याला ना पैसा लागला ना कुणाची परवानगी. कुठल्याही शाळेत, कुठल्याही बाईंना किंवा सरांना ते जमण्यासारखं आहे. तरीही माझ्या मुलाला ते तुमच्या वर्गात येईपर्यंत मिळालं नव्हतं.

तुम्हाला माहीत आहेच, पण वाचणाऱ्यांसाठी सांगते. माझा मुलगा अडखळत बोलतो. शब्द त्याच्या ओठांवर येऊन अडतो, कधी पहिलं अक्षर तीनचारदा येतं, कधी काहीच येत नाही आणि मानेच्या शिरा ताठ होतात. असं अडखळणं बहुतेक मुलांत दोन ते पाच वर्षांच्या वयात सुरू होतं. शंभरातल्या साधारण पाच मुलांना ते कधी ना कधी होतं, त्यातल्या बऱ्याच जणांचं आपोआप जातं, आणि शंभरात एखाद्याचं मोठेपणीही राहतं. त्यात आनुवंशिकतेचा वाटा असतो, मेंदूतल्या बोलण्याच्या जुळणीचा भाग असतो. भित्रेपणामुळे ते होत नाही, लाडामुळे होत नाही, आणि "सावकाश बोल, श्वास घे, घाबरू नकोस" असं दहादा सांगितल्यानं जात तर मुळीच नाही. उलट, आपल्या बोलण्याकडे सगळे बघताहेत एवढं मात्र त्या मुलाला दर वेळी नव्यानं कळतं.

याआधीच्या वर्गात काय झालं ते सांगायलाच हवं, कारण त्याशिवाय तुमचं मोल कळणार नाही. तारांगणाची सहल होती. घरी त्यानं ग्रहांच्या पुस्तकाची पानं सुटी होईपर्यंत ते वाचलं होतं. तिथल्या मार्गदर्शकांनी विचारलं, शनीची कडी कशाची बनलेली आहेत? यानं हात वर केला. उभा राहिला. "ब... ब..." एवढंच आलं, आणि सोबतच्या शिक्षकांनी म्हटलं, "बरं बरं, बस. दुसरं कुणी सांगेल का? उशीर होतोय." दुसऱ्या मुलानं "बर्फ" म्हटलं आणि टाळ्या घेतल्या. उत्तर बरोबरच होतं, त्या कड्यांत मुख्यतः बर्फाचेच लहानमोठे तुकडे आहेत, आणि हेच माझ्या मुलाच्या तोंडात होतं. घरी आल्यावर त्यानं ते पुस्तक कपाटात वरच्या फळीवर ठेवून दिलं. "मला तारे आवडत नाहीत," म्हणाला. एका वाक्यात, न अडखळता.

त्याच वर्षी स्नेहसंमेलनात त्याला आधी दिलेलं एक वाक्य काढून घेतलं. "पालकांसमोर त्याचीच फजिती व्हायला नको," असं मला अगदी गोड आवाजात समजावण्यात आलं. मग त्याला समूहवाचनात मागच्या रांगेत उभं केलं. तिथे तो घडाघडा बोलला. कार्यक्रमानंतर मला सांगण्यात आलं, "बघा, नीट बोलता येतं की त्याला! म्हणजे मनावर घेत नाही, एवढंच." ते वाक्य मी अजून विसरलेले नाही. अडखळणारी बहुतेक माणसं इतरांबरोबर एका सुरात बोलताना अडखळत नाहीत, गाताना अडखळत नाहीत, पुष्कळदा मांजराशी किंवा स्वतःशी बोलतानाही अडखळत नाहीत. वाचेवर काम करणाऱ्या प्रत्येक तज्ज्ञाला हे ठाऊक असतं. ज्यांच्या हाती दिवसातले पाच-सहा तास आपली मुलं असतात, त्यांनी निदान विचारून तरी घ्यावं. ज्या गोष्टीवरून त्याची अडचण समजून घेता आली असती, तीच त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरली गेली.

म्हणून या सत्राच्या सुरुवातीला तुम्ही उपक्रमांचा कागद पाठवलात, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. पोस्ट ऑफिसची भेट, बागेतलं झाडांचं निरीक्षण, सावल्यांच्या बाहुल्या, पत्रलेखन आणि शेवटी नाटक. इतर आयांना त्या कागदावर गंमत दिसत होती. मला दिसत होत्या त्या याला गप्प बसवायच्या नव्या नव्या जागा.

झालं उलटंच. पहिल्याच आठवड्यात तुम्ही वर्गात एक नियम केलात: प्रश्न विचारला की लगेच कुणी हात वर करायचा नाही. सगळ्यांनी मनात तीन आकडे मोजायचे आणि मग हात. नियम सगळ्यांसाठी होता, त्यामुळे तो याच्यासाठी आहे असं कुणाला वाटलंच नाही. मी नंतर वाचलं की मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७०च्या दशकात वर्गांमधलं बोलणं ध्वनिमुद्रित करून हेच दाखवून दिलं होतं. शिक्षक प्रश्न विचारून साधारण एक सेकंदच थांबतात. तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब येतात, विचार करून येतात, आणि एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागतात. तुम्ही हे कुठे वाचलं होतंत की तुमचं तुम्हालाच सुचलं, मला माहीत नाही. माझ्या मुलाला त्या तीन सेकंदांत उभं राहायला जागा मिळाली.

पोस्टाच्या सहलीला मी मदतनीस पालक म्हणून आले होते, त्यामुळे ते डोळ्यांनी पाहिलं. शिक्के मारणाऱ्या काकांनी मुलांना विचारलं, जगातलं पहिलं चिकटवायचं टपाल तिकीट कोणतं? माझ्या पोराला हे पाठ होतं. १८४० साली ब्रिटनमध्ये निघालेलं, राणी व्हिक्टोरियाचं चित्र असलेलं काळं तिकीट. नाव मात्र 'पेनी ब्लॅक', आणि 'प' हे त्याचं सगळ्यात अवघड अक्षर. ओठ मिटले ते मिटलेच. काका बिचारे भला माणूस, मदत करायला म्हणून पुढे झुकले. शेजारच्या एका मुलीनं शांतपणे त्यांना सांगितलं, "काका, त्याला माहीत आहे. येतंय ते." आठ वर्षांची पोरगी! हे तिला कुणी शिकवलं ते मला नंतर कळलं. वर्गात कुणीतरी त्याचा शब्द पुरा केला होता, तेव्हा तुम्ही न रागावता म्हणाला होतात, "शब्द त्याला माहीत आहे. यायला वेळ लागतोय, एवढंच." तुमचं ते एक वाक्य अख्ख्या वर्गानं उचललं. काकाही थांबले. मागे रांगेत लोक उभे होते, तेही थांबले. "पेनी ब्लॅक" आलं. त्याच्या मागोमाग, कुणी विचारलं नसताना, ब्रिटनच्या तिकिटांवर आजही देशाचं नाव छापत नाहीत हेही आलं. काकांनी शिक्का त्याच्या हातात दिला आणि एका कोऱ्या कागदावर मारायला लावला. तो कागद आमच्या दारावर चिकटवलेला आहे.

आता नाटकाबद्दल. खरं तर सगळं पत्र याच्यासाठीच आहे.

पोस्टाच्या भेटीवरून मुलांनीच रचलेलं ते नाटुकलं, आणि पोस्टमनचं काम यानं स्वतः मागून घेतलं. तुम्ही मला विचारायला फोन केला नाहीत. "झेपेल का हो त्याला?" असं विचारलं नाहीत. त्यानं मागितलं, तुम्ही दिलंत. 'पत्र आलंय' ऐवजी 'टपाल आलंय' करू या का, असं तालमीत एका मुलानं सुचवलं होतं म्हणे. तुम्ही याच्याकडे पाहिलंत, यानं मान हलवली, आणि विषय तिथेच संपला. अडखळणारी मुलं अवघड शब्द चुकवत चुकवत बोलायला फार लवकर शिकतात. मग त्यांना हवं ते बोलायचं सोडून जे निघेल ते बोलतात. यानं तारे सोडले होते. पत्र सोडायला तो तयार नव्हता, आणि तुम्ही त्याला ते सोडायला लावलं नाहीत.

कार्यक्रमाच्या दिवशी मी अगदी कडेच्या खुर्चीवर होते, तिथून विंग दिसत होती. तुम्ही तिथे नाटकाची वही घेऊन उभ्या होतात. वाक्य विसरलेल्या प्रत्येक मुलाला तुम्ही हळूच पहिला शब्द पुरवत होतात, आणि विसरत तर जवळजवळ सगळेच होते. नदीबाई झालेली मुलगी विसरली, शेतकरी विसरला. मग हा आला. खाकी टोपी, खांद्यावर पिशवी. मध्यभागी येऊन उभा राहिला, तोंड उघडायला गेला आणि ओठ घट्ट मिटले.

सभागृहात असा एक क्षण असतो की लोकांना वाटतं, पोरगं विसरलं. मागून कुणीतरी कुजबुजलं, "पत्र, पत्र." कुणीतरी खुर्ची सरकवली. मी तुमच्याकडे पाहिलं. तुमचं बोट वहीत त्याच ओळीवर होतं. तुम्ही बोट काढून घेतलंत, वही मिटलीत, काखेत धरलीत आणि त्याच्याकडे बघत निवांत उभ्या राहिलात, त्याचं बोलणं चालूच आहे आणि तुम्ही ते ऐकता आहात अशा. त्यानं विंगेकडे पाहिलं. मिटलेली वही त्यानं पाहिली, हे मी शपथेवर सांगते, कारण त्याचे खांदे त्याच क्षणी खाली आले. त्याला कळलं की त्याला विसराळू समजणारं निदान एक माणूस तरी इथे नाही. आणि मग आलं. "प-पत्र आलंय!" खणखणीत.

पुढेही तो अडखळला, तीन-चार ठिकाणी. काही चमत्कार झाला नाही, आणि व्हायलाही नको होता. त्याचं बोलणं आजही तसंच आहे, एखादा दिवस बरा, एखादा दिवस फार जड. पण त्यानं त्याची सगळी वाक्यं, एकही शब्द न बदलता, स्वतःच्या तोंडानं म्हटली. सगळी.

नाटक संपल्यावर बऱ्याच जणांनी येऊन "किती धीट आहे हो तुमचा मुलगा" असं म्हटलं. ते चांगल्या मनानंच म्हणाले. तुम्ही मात्र त्याच्याजवळ येऊन म्हणालात, "दुसऱ्या घरी जाताना पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलीस ना, तिथे पोस्टमन दमलाय ते बरोबर कळलं." बाई, रात्री झोपेपर्यंत तो त्या पिशवीबद्दलच बोलत होता. धाडसाबद्दल त्याला कुणीही शाबासकी देतं. नट म्हणून त्याच्याशी पहिल्यांदाच कुणीतरी बोललं होतं.

मला राहून राहून वाटतं, वही मिटायला तुम्हाला एक क्षण लागला असेल. तुम्हाला कदाचित ते आठवणारही नाही. आणि असं वागणारी माणसं आहेत, अगदी भरपूर आहेत, असं हल्ली मला वाटायला लागलंय. ते पोस्टातले काका, ज्यांच्यामागे कामाचा ढीग होता. रांगेतली ती माणसं, ज्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. ती आठ वर्षांची मुलगी. दुसऱ्याचं बोलणं पुरं होईपर्यंत थांबणं ही किती साधी सभ्यता आहे, आणि ती ज्याच्या वाट्याला येत नाही त्यालाच तिची किंमत कळते. मोठमोठ्या सभांमध्ये, घरातल्या जेवणाच्या वेळी, कचेऱ्यांमध्ये आपण एकमेकांचे शब्द तोडतच असतो. तुमच्या वर्गातली पोरं मोठी होऊन तशी वागणार नाहीत, याची मला खात्री आहे. त्यांनी एक अख्खं सत्र थांबून पाहिलेलं आहे.

आधीच्या ज्या शिक्षकांना उशीर होत होता, त्यांना मला एवढंच सांगायचंय: तेव्हा 'बर्फ' म्हणायला माझ्या मुलाला दहा सेकंद लागले असते. तेवढा वेळ बसजवळ नक्कीच होता.

तुमच्या मुख्याध्यापकांनाही मी वेगळं पत्र दिलं आहे. त्यात पुढच्या वर्गाच्या बाईंना या सगळ्याची कल्पना द्यावी अशी विनंती केली आहे. तीन आकडे मोजण्याचा नियम सगळ्याच वर्गांत चालू झाला तर फार बरं होईल, कारण अडखळणाऱ्यांइतकाच तो लाजणाऱ्या, नव्यानं आलेल्या, घरी वेगळी भाषा बोलणाऱ्या मुलांच्याही कामाचा आहे.

आणि एक बातमी. ग्रहांचं पुस्तक फळीवरून खाली आलंय. पुढच्या सत्रात तारांगणाची सहल असेल तर निघण्याआधी वर्गाला माहिती सांगायचं काम त्याला हवं आहे. हे तुम्हाला मी विचारायचं नाही अशी त्यानं मला ताकीद दिली आहे. शाळा उघडली की तो स्वतः येऊन विचारणार आहे. प्रश्न 'प'नेच सुरू होतो, त्यामुळे थोडा वेळ लागेल.

तुमची मनापासून ऋणी,
तुमच्या वर्गातल्या पोस्टमनची आई