मंडळाच्या मुलांशी बोलण्यापूर्वी

सोलापूर

चि. मधुरा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दिवाळीच्या सुट्टीत आपल्या मंडळाच्या मुलामुलींशी गुन्ह्यांपासून दूर राहण्याविषयी बोलण्याचे तू कबूल केल्याचे आईकडून समजले. तुझे टिपण मी दोनदा वाचले. त्यात कायद्याची कलमे पुष्कळ आहेत आणि अनोळखी माणसांपासून सावध राहण्याचा उपदेशही आहे; परंतु सोलापूरच्या या पूर्व भागात, तेलुगूभाषक विणकरांच्या वस्तीत, पस्तीस वर्षे राहून आणि त्यांतील बहुतेक एका चादर कारखान्याचे हिशेब लिहिण्यात घालवून मला असे दिसते, की आपल्याकडच्या पोराला गुन्ह्यात ओढणारा माणूस बहुधा ओळखीचाच असतो. तो चहा पाजतो, गाडीवर फिरवतो आणि एक दिवस अगदी किरकोळ वाटणारे काम सांगतो.

आपल्या मागच्या बोळातील मुलाचे गेल्या वर्षी असेच झाले. शिष्यवृत्तीसाठी उघडलेले त्याचे बँक खाते मित्राच्या मोठ्या भावाने ‘दोन महिने वापरू दे’ म्हणून मागितले. पासबुक, एटीएम कार्ड आणि खात्याला जोडलेले सिमकार्ड घेतले आणि दोन हजार रुपये त्याच्या हातावर ठेवले. पुढे खाते गोठवले गेले आणि परराज्यातील पोलिसांची नोटीस घरी आली. हजार विड्यांमागे मिळणाऱ्या मजुरीवर घर चालवणारी त्याची आई ती नोटीस घेऊन माझ्याकडे आली, कारण ती इंग्रजीत होती. मी दोघांबरोबर पोलिसांकडे गेलो. व्हिडिओ कॉलवर पोलिस असल्याचे भासवून, ‘डिजिटल अटक’ झाल्याची भीती घालून कोणा वृद्ध गृहस्थाकडून उकळलेले पैसे त्या खात्यातून पुढे गेले होते. असली अटक आपल्या कायद्यात मुळातच नाही, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हते. “काका, मी तर कुणाला फोनसुद्धा केला नाही,” असे हा मुलगा पुन्हा पुन्हा म्हणत होता, आणि ते खरेही होते. पण खाते ज्याच्या नावावर, त्याच्याच दारात पोलिस आधी येतात.

मला अधिक खटकले ते निराळेच. बँकेचा संदेश आल्यावर त्याने शरमेपोटी अकरा दिवस घरात शब्द काढला नाही. म्हणून कलमांच्या आधी त्यांना नकार द्यायला शिकव. मित्राला तोंडावर ‘नाही’ म्हणणे या वयात फार जड जाते, तेव्हा ‘खात्याचे सगळे बाबा पाहतात, मला विचारावे लागेल’ असे एखादे साधे वाक्य त्यांच्याकडून मोठ्याने म्हणवून घे. फसून झाल्यावर कोणाला सांगायचे, हेही प्रत्येकाला त्याच दिवशी ठरवायला लाव. घरातल्या कोणाचे पैसे गेले, तर ताबडतोब सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर कळवायचे, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी ती अडवता येण्याची शक्यता असते. शक्य झाल्यास आयांनाही बोलाव आणि त्यांच्याशी तेलुगूतच बोल. मराठी भाषणाला त्या नुसत्या माना डोलावतात.

टिपणातील ‘संशयास्पद व्यक्ती ओळखा’ हा भाग मात्र माझ्या मते काढून टाकावास. आपल्याच शहरात सेटलमेंट आहे. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले, त्यांतील कुटुंबे तेथे तारेच्या कुंपणात ठेवली होती आणि त्यांना हजेरी द्यावी लागे; तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. लोकांच्या बोलण्यातून संशय अजून गेलेला नाही, हे कोणाची सायकल हरवली की कळते. मुलांनी गाडीचा क्रमांक, वेळ, घडलेली गोष्ट टिपावी आणि ११२ वर सांगावी. माणसाची जात, भाषा किंवा वस्ती हा पुरावा समजू नये. सोलापूरजवळच्या, हातभट्टीच्या दारूसाठी ओळखल्या जाणाऱ्या मुळेगाव तांड्याचे उदाहरण त्यांना अवश्य दे. २०२१ मध्ये तेजस्वी सातपुते पोलिस अधीक्षक असताना सोलापूर ग्रामीण पोलिसांनी ‘ऑपरेशन परिवर्तन’ हाती घेतले. त्यात हातभट्टीवर छापे टाकतानाच भट्टी लावणाऱ्या कुटुंबांची समजूत घालून त्यांना दुसरा रोजगार मिळवून देण्याची खटपट केली गेली. नुसते छापे कितीदा पडले असतील आणि भट्ट्या कितीदा पुन्हा पेटल्या असतील, याचा मुलांना स्वतःच विचार करू दे.

अल्पवयीन मुलाने गाडी चालवल्यास पालकाला पंचवीस हजारांचा दंड होऊ शकतो, एवढे सांगून वाहनांचा विषय आटोपता घे. आपल्या गल्लीत तो आकडाच पुरेसा आहे. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या गर्दीत चुकलेली मुले पोलिसांपर्यंत पोहोचवण्याचे आणि पाकीट-मोबाइल सांभाळण्याविषयी लोकांना सांगण्याचे काम मंडळाला देता येईल. यात्रेतल्या नंदीध्वजांच्या मिरवणुकीत मंडळाची मुले नाहीतरी तिथेच असतात.

यंत्रमागाची पाळी सुटल्यावर, म्हणजे संध्याकाळी सातनंतर वेळ ठेव. नाहीतर खडखडाटात कोणाला काही ऐकू येणार नाही आणि कामावर जाणारी मुले येणारही नाहीत. त्या मुलाला स्वतःची हकिकत सांगशील का, असे मी विचारले होते. त्याने अजून होकार दिलेला नाही. तू त्याला आग्रह करू नकोस. खुर्च्या मांडायला मात्र येतो म्हणाला आहे.

तुझा,
बाबा