मक्याशेजारच्या हिरव्या ओळी

आदरणीय गुरुजी,

सप्रेम नमस्कार.

सोलापूर जिल्ह्यातील आमच्या चुनखडीच्या रानात आपण येऊन गेलात त्याला वर्ष होत आले, तरी हे पत्र लिहिताना गळा दाटतो. उन्हाळी भुईमुगाचे शेंडे पिवळे पडले होते, शिरा तेवढ्या हिरव्या उरल्या होत्या. आपल्याआधी आलेल्यांनी बांधावर उभ्या उभ्या रोग ओळखला, फवारणीच्या बाटल्या गळ्यात मारल्या आणि "कडेचा मका खत खातो, उपटून टाका" असे बजावले.

आपण मात्र गुडघे टेकून खुरप्याने माती सोडवलीत, मक्याची आणि भुईमुगाची एकमेकांत गुंतलेली मुळे न तोडता बाहेर काढलीत आणि स्वतःच्या पिण्याच्या पाण्याने धुतलीत. मातीतल्या पांढऱ्या खड्यावर लिंबू पिळताच बारीक बुडबुडे आले, ती चुनखडीची खूण. जमिनीत लोह भरपूर असूनही चुनखडीमुळे ते विरघळत नाही, म्हणून भुईमूग उपाशी राहतो. मका मात्र मुळांवाटे असे द्रव्य सोडतो की जे लोहाला धरून विरघळते ठेवते, आणि त्यातला वाटा शेजारच्या भुईमुगालाही मिळतो, हे आपण समजावलेत. मक्यालगतच्या ओळी हिरव्या होत्या, लांब जावे तसा पिवळेपणा वाढत होता. रोज तिथूनच जात असून आमच्या ते ध्यानात आले नव्हते. चिनी संशोधकांनी या जोडीविषयी २००० साली लिहिले होते, हेही आपल्याकडूनच कळले.

तरीही मनात घर करून राहिला तो एक क्षण. आपण आईकडे वळून विचारलेत, "ताई, मका इथेच का लावलात?" ती संकोचून म्हणाली, "म्हशीच्या वैरणीला." आपण हसला नाहीत, खिशातली वही काढून तिचे उत्तर लिहून घेतलेत. शिकलेल्या माणसाने अडाणी समजल्या जाणाऱ्या बाईला प्रश्न विचारून उत्तरासाठी थांबावे, एवढी साधी माणुसकीही आम्हाला त्या हंगामात इतरत्र भेटली नव्हती.

यंदा भुईमुगाच्या दर चार ओळींमागे मक्याची एक ओळ आहे, सावली पडू नये म्हणून विरळ. बी आईनेच टोकले. आपण बाटली मुळांवर रिकामी करून तहानलेलेच परत गेलात, याची चुटपुट तिला अजून आहे. या खेपेस ताक प्यायल्याशिवाय ती आपल्याला बांध ओलांडू देणार नाही.

आपला कृतज्ञ,
एक शेतकरी